मान हलवू नका, मास्तर बघतायत

डोलवीच्या फाट्यावर उभे आहात ना? वडखळकडे ट्रेलरची रांग लागलीय, पोलाद कारखान्याकडे वळणारा प्रत्येक जण हॉर्नवर हात ठेवूनच गाडी चालवतोय आणि बोलायला तोंड उघडलं की जिभेवर धूळ बसते. मोबाइल टपरीवाल्याकडे ठेवा. जायचंय तिथे रेंज नाही. शिवाय आज स्वतःचा फोटो स्वतः काढायचा नाहीय, दुसरे कोणी तुमचं चित्र काढणार आहेत, आणि त्याला दोन-तीन तास लागणार आहेत.

चला, एक पाऊल मागे टाका. आणखी एक.

पायाखालचं डांबर गेलं. गार, बुळबुळीत चिखल बोटांमधून वर येतोय. चपला शोधू नका, त्या नाहीतच. साल १९१४, माघाचे दिवस, उजाडायला अवकाश आहे. तुम्ही खारीच्या बांधावर उभे आहात. डावीकडे खाडी आणि तिवरांची काळी रांग, उजवीकडे कापून गेलेल्या भाताची खाचरं आणि त्यात ओलीवर आलेला वाल. उघाडीच्या फळ्यांवर पाणी आतून-बाहेरून थपथपतंय. एवढाच आवाज. वास मात्र भरपूर आहेत: खारट चिखलाचा, कुजलेल्या पानांचा, आणि कुणाच्या तरी चुलीत नुकत्याच पेटलेल्या गोवरीचा.

अंगावर बघा. गुडघ्यापर्यंत कसलेलं जाडंभरडं धोतर, बंडी, खांद्यावर टोचणारं घोंगडं. हातात पाटी. पाटीत वालाच्या शेंगा, त्यावर पाय बांधलेला एक कोंबडा. तो तुमच्याकडे एका डोळ्याने रोखून बघतोय. बघू द्या, त्याला पुढचं ठाऊक नाही. तसं तुम्हालाही नाही.

"चल रं बिगीबिगी, सुकती लागंल!" पुढून एक आजी ओरडते. डोक्यावर सुकटीची टोपली, कमरेला आवळलेलं लुगडं, आणि चिखलात पाय असा टाकते की घसरायची काय बिशाद. तुम्ही दोनदा घसरता. ती मागे वळूनही बघत नाही, पण तिच्या खांद्यांवरून कळतं की हसतेय.

होडीत बसा. कडेला धरू नका, बोटं चिरडतील. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला खाडीचा एकेक शिंतोडा तोंडावर येतो. फटफटू लागतं तशी काठावरची मिठागरं दिसायला लागतात. चौकोनी वाफे, त्यात आभाळाचा फिकट तुकडा, आणि बांधांवर मिठाच्या ढिगाऱ्यांची ओळ. एक माणूस लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढतोय. त्याच्या पोटऱ्या भेगाळून पांढऱ्या पडल्यात. उन्हं वर आली की तो वाफा तव्यासारखा तापणार, आणि हा तिथेच उभा असणार.

धरमतरच्या धक्क्याला आगबोट लागलीय. आधी वास येतो, मग ती दिसते: दगडी कोळसा, गरम तेल आणि ओला दोरखंड. भोंगा इतका अचानक वाजतो की पाटीतला कोंबडा फडफडून तुमच्या छातीवर चढतो. फळीवरून एकाच वेळी चढणारे आणि उतरणारे, दोघांनाही घाई. नारळाची पोती, पेंढ्याचे भारे, तांदळाच्या गोणी, रडणारं मूल, एक बकरी आणि त्या बकरीला माणसाचं तिकीट लागतं का, यावर चाललेला वाद. पुढे ताडपत्रीच्या सावलीत खुर्च्या मांडल्यात. तिथे साहेब आणि पागोटेवाले वकील. तुमची जागा मागे, गोणींवर, जिथे इंजिनाची धग पाठीला लागते. थंडीत बरी वाटते. अर्ध्या तासाने पाठ भाजायला लागते.

एक अडचण राहिलीय. तुमचं डोकं उघडं आहे. १९१४ साली भल्या माणसाने उघड्या डोक्याने मुंबईत उतरायचं नसतं. शेजारचा म्हातारा तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

"कनचे गावचा रं तू?"

डोलवीचा, म्हणून सांगा. त्याचा विश्वास बसत नाही. डोलवीच्या माणसाला मुंडासं बांधता येत नाही? तो आपल्या गाठोड्यातून एक जुना तांबडा पटका काढतो, तुमचं डोकं गुडघ्यांत धरतो आणि कचाकच पीळ देत बांधून टाकतो. शेवटचं टोक उजव्या कानामागे असं खोचतो की कानशील ठणकतं. त्या खोचण्याची एक तऱ्हा आहे. ती लक्षात ठेवायचा प्रयत्न करा. जमणार नाही, पण करा.

खाडी रुंदावत जाते. डावीकडे कनकेश्वराचा डोंगर, रेवस. उजवीकडे करंजाचा डोंगर. रेवसला आणखी माणसं चढतात, कुठे चढतात हे विचारू नका. पुढे मोकळं बंदर लागतं आणि बोट डुलायला लागते. सुकटीवाली आजी तुमच्या हातावर चिंचेचा गोळा ठेवते. चोखा. समोर डोलकाठ्यांचं रान आणि त्यामागे गिरण्यांची धुराडी. मुंबई.

भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कान काम करत नाहीत. हमालांचं "बाजू, बाजू", बैलगाड्यांच्या लोखंडी धावांचा फरशीवरचा खडखडाट, व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या टापा, ट्रामची घंटा. विजेची ट्राम येऊन सात वर्षं झालीत, तरी घोडे अजून तिला बुजतात. कापसाचे गठ्ठे चाललेत आणि त्यातून उडालेली पिंज तुमच्या घामावर चिकटतेय. कर्नाकच्या रस्त्याने सरळ चला. वाटेत तसबिरींच्या दुकानात रविवर्म्याची लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला टांगल्यात, छापून निघालेल्या, चकचकीत. घाटावरून आलेला एक गडी लक्ष्मीसमोर हात जोडून उभा आहे. दुकानदार त्याला घासाघीस सुरू करण्याआधी देवाचं आटपू देतोय.

क्रॉफर्ड मार्केटात कोंबडा विका. जास्त घासाघीस करू नका, उशीर होतोय. पण दाराबाहेर क्षणभर थांबून मान वर करा. कमानींच्या वर दगडात माणसं कोरलीत. शेतकरी, बायाबापड्या, डोक्यावर ओझी. तुमच्यासारखीच माणसं, साहेबाच्या इमारतीवर! ही नक्षी लॉकवुड किपलिंगची. हा इंग्लंडहून आलेला मास्तर इथून दोन पावलांवरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ ते १८७५ शिकवत होता, मग लाहोरच्या कलाशाळेत गेला. त्याचा पोरगा रड्यार्ड याच शाळेच्या आवारात जन्मला. पुढे पोराने 'किम' लिहिली तेव्हा बापाने त्यातली चित्रं कागदावर काढलीच नाहीत. मातीत उठावाची शिल्पं केली आणि त्यांचे फोटो छापले. मला हा माणूस आवडतो. पण आज त्याच्याकडे जायचं नाहीय. आपल्याला गाठायचाय तो मास्तर त्याच आवारात शिकून तिथेच शिकवायला लागलेला आपला माणूस आहे.

आणि तिथे जायचं कसं, याची सोय होतेच आहे. खाकी कोटातला एक शिपाई मघापासून तुमच्याभोवती घुटमळतोय. तो तुमचा माल बघत नाही, चेहरा बघतोय.

"काय रे, पावली मिळवायची आहे?"

"काम काय?"

"काम काही नाही. नुसतं बसायचं."

मराठी माणसाला याहून मोठं आमिष अजून कोणी दाखवलेलं नाही. तुम्ही निघता.

फाटकातून आत शिरलात की गलका मागे राहतो. मोठी झाडं, दगडी इमारत, थंड व्हरांडा. नाकात एक नवाच वास घुसतो: टर्पेंटाइन, जवसाचं तेल आणि त्याखाली ओली माती. पहिल्याच वळणावर तुम्ही दचकता. भिंतीला लागून पांढरेफटक उघडेनागडे लोक उभे आहेत. कोणाला हात नाहीत, कोणाला डोकं नाही. ग्रीक देवांचे प्लास्टरचे पुतळे. पेणेला गणपतींच्या कारखान्यात रंगाआधीच्या मूर्ती अशाच पांढऱ्या उभ्या असतात, पण त्यांना बघून नजर कुठे ठेवावी असा प्रश्न पडत नाही. तुमचा हात सवयीने नमस्काराला अर्धा वर जातो आणि तिथेच घोटाळतो. शिपाई हसतो. रोजचंच आहे त्याचं.

या शाळेत शिरलेल्या पोराने आधी या देवांची चित्रं काढायची. आठवडेच्या आठवडे तेच सरळ नाक, त्याच कोरीव पापण्या, तीच नाकाच्या एका बाजूची सावली. तो हात बसला की मग जिवंत माणूस समोर बसवतात. आजचा जिवंत माणूस तुम्ही.

व्हरांड्याच्या टोकाला एक पोरगेला तरुण कोपरापर्यंत चिखलाने माखलेला उभा आहे. तुमचं मुंडासं बघून त्याचे डोळे चमकतात. हा शेजारच्याच मुलखातला, सासवन्याचा. विनायक करमरकर. लहानपणापासून मातीच्या मूर्ती करणारा. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर याने घोड्यावरचा शिवाजी काढला होता, तो कुलाब्याचा कलेक्टर ऑटो रॉथफील्ड याच्या नजरेला पडला आणि साहेबाने याला इथे धाडला. पुढे पुण्यात १९२८ साली ब्राँझचा भला थोरला अश्वारूढ शिवाजी उभा राहणार आहे, तो याच चिखलाच्या हातांचा. त्याला आत्ता हे सांगू नका, घाबरेल. रॉथफील्ड हे नाव मात्र ध्यानात ठेवा.

आता वर्गात. उत्तरेकडच्या उंच खिडक्यांतून सारखा, न हलणारा उजेड येतोय. मधे लाकडी चौथरा, त्यावर पाठ नसलेलं स्टूल. बसा. शिपाई वाकून तुमच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढतो. ही कशाला? उठलात तर परत नेमके इथेच बसावेत म्हणून. दुसरी खूण भिंतीवर: तिकडे बघायचं. दोन तास. बोलायचं नाही, हलायचं नाही. डोळ्यांची उघडझाप चालेल.

वीसेक पोरं घोड्यांसमोर उभी आहेत. घोडे म्हणजे चित्राचा कागद लावायचे. उंच टोपीतला पारशी, कॉलरवाला गोव्याचा ख्रिस्ती, गोल पगडीतला प्रभू, शेंडीवाला पुण्याकडचा, आणि एक सुताराचा पोर, ज्याचा हात या सगळ्यांहून स्थिर आहे. बाहेर हे पाच जण एका पंगतीत बसणार नाहीत. इथे पाचही जण तुमच्या कानाच्या पाळीकडे सारख्याच भक्तीने बघतायत. कोळशाच्या कांड्या कागदावर चालायला लागतात. खस्स, खस्स, खस्स. एवढ्या लोकांनी तुमच्याकडे एकाच वेळी आयुष्यात कधी बघितलंय का? लग्नात सोडून?

पहिली पाच मिनिटं मजेत जातात. मग उजवी नाकपुडी खाजते. खाजू द्या. मग मुंडाशाखालून घामाचा थेंब निघतो, भुवईवर थांबतो, विचार करतो आणि डोळ्यात उतरतो. माशी येते. माशीला खडूच्या रेघेचा नियम लागू नाही. डाव्या मांडीला मुंग्या, मग मांडीच नाही. बाहेर कावळे कोकलतायत, लांबून ट्रामची घंटा. तुम्हाला वाटतं दोन तास झाले असतील. नऊ मिनिटं झालीत. दगडी देव का होतात लोक, ते इथे बसल्यावर कळतं.

मधेच भुकेला आणखी छळायला पावाचा वास येतो. पोरं ताज्या पावाचा गर चिमटीत घेऊन गोळी करतात आणि चुकलेली रेघ त्याने पुसतात. कोळसा पुसायला पावासारखं दुसरं काही नाही. शेंडीवाला पोरगा पाव दोन बोटांत जेमतेम धरतो. घरी सांगायची सोय नाही. पोटात गेला असता तर प्रायश्चित्त, कागदावर घासला तर शिक्षण.

दार वाजतं आणि वर्गातला श्वास बदलतो. मान वळवू नका! तिरक्या डोळ्याने बघा हवं तर. कोट, मिशा, वय सत्तेचाळिशीच्या आसपासचं, चाल बिनघाईची. महादेव विश्वनाथ धुरंधर. कोल्हापुरात वाढलेला पाठारे प्रभूंचा मुलगा. १८९० साली विद्यार्थी म्हणून याच दारातून आत आला आणि मग बाहेर पडायचं विसरला. विद्यार्थ्याचा शिक्षक झाला, पुढे या साहेबी शाळेच्या मुख्याच्या खुर्चीत, हंगामी का होईना, बसणार आहे, आणि १९३१ साली निवृत्त होणार आहे. मग आठवणींचं पुस्तक लिहून त्याला नाव देणार 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. त्यांच्या तोंडी मी वाक्यं घालणार नाही. एवढं लिहून ठेवलेल्या माणसाला माझ्या संवादांची गरज नाही. शिवाय असे मास्तर वर्गात बोलतात कमी.

ते एकेका घोड्यामागे थांबतात. पारशाच्या मागे मान हलते, बरं चाललंय. सुताराच्या पोरामागे जरा जास्तच वेळ थांबतात, काहीही न करता पुढे जातात आणि पोराचे कान लाल होतात. मग शेंडीवाल्याच्या मागे येऊन उभे राहतात, आणि तिथेच थांबतात.

आता तुम्हाला दिसत नाही ते मी दाखवतो. त्या पोराच्या कागदावर मुंडासं तुमचं आहे, घोंगडं तुमचं आहे आणि नाक अपोलोचं आहे. कपाळापासून सरळ खाली आलेलं, व्हरांड्यातल्या पुतळ्याचं नाक. बिचाऱ्याची चूक नाही. तीन महिने हात त्याच नाकावर फिरलाय. डोळे डोलवीकडे बघतायत आणि हात अथेन्सला गेलाय.

मास्तर त्याच्या पाटावरचा पावाचा तुकडा उचलतात, ते नाक पुसतात. पोराच्या तोंडचं पाणी पळतं. कोळशाची कांडी घेतात, तुमच्याकडे बघतात. या बघण्याला सहन करा. पोरांचं बघणं घाबरट होतं, हे तसं नाही. बाजारात मासळी घेणारी बाई कल्ला उचलून बघते तसं बघणं आहे हे, नफ्यातोट्यासकट. मग रेघा, चार किंवा पाच. मधे बसकट, टोकाला फुगीर, एका बाजूला लहानपणी पडून झालेली खोक असलेलं तुमचं नाक कागदावर उतरतं. तेवढ्याने न थांबता ते चौथऱ्यापाशी येतात, मागे जातात आणि तुमच्या कानामागचं पटक्याचं टोक बघतात. कुठून आलं, कुठे खोचलं, पीळ कोणत्या अंगाने. परत जाऊन तेही दुरुस्त करतात. त्या म्हाताऱ्याने आगबोटीवर तुमचं डोकं गुडघ्यांत धरून जी करामत केली, ती या शहरात ओळखणारा पहिला माणूस हा.

धुरंधरांची सगळी गंमत मला या दोन दुरुस्त्यांत दिसते. ग्रीक पुतळ्यांवर हात बसवून घेतला, साहेबाची सावली, साहेबाचं शरीरशास्त्र, सगळं शिकले आणि मग ते सगळं मुंबईच्या रस्त्यावर आणून ओतलं. गर्दीच्या चित्रात त्यांचा हात धरणारा माणूस सापडणं कठीण. लग्नाची पंगत, देवळाची पायरी, वाटेवरचा गोंधळ. आणि त्यात एकाही बाईचा पदर दुसरीसारखा नाही. कोळणीचं लुगडं, प्रभू घरातल्या बाईचं, घाटावरच्या बाईचं, कासोटा कुठे आवळला आणि निऱ्या किती, यावरून गाव सांगता यावं. त्यांना १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते कुठल्या लढाईच्या चित्राला? छे. भादव्यात गौर घरात घेताना बायका विचारतात ना, लक्ष्मी आली का, त्या प्रसंगाला. तुमच्या आजीने पेणेत दरवर्षी केलं तेच. साहेब परीक्षकांनी घरातल्या उंबऱ्याला सोन्याचं पदक दिलं, आणि मला नेहमी वाटतं की उंबऱ्यावरच्या त्या बायकांना ते कधी कळलंही नसेल.

सुटी होते. उठू नका एकदम, पाय नाहीत. खाली आपटाल. भिंतीला धरा, मुंग्या उतरू द्या. व्हरांड्यात बसून भाकरी-सुकट खा. सासवन्याचा पोरगा वासाने ओढला जाऊन येतो खरा, पण करमरकर पडला, फक्त वासच घेतो.

वर्गाच्या टेबलावर मास्तरांचे कागद पडलेत. शिपायाची पाठ आहे तोवर बघून घ्या. टाकाने काढलेली मुंबई. सिद्दी लोक ढोल बडवतायत, मोहरमची गर्दी, अफूच्या अड्ड्यावर लवंडलेली माणसं. ही चित्रं दोन वर्षांपूर्वी, १९१२ साली 'बायवेज ऑफ बॉम्बे' नावाच्या पुस्तकात आली. लेखक कोण? एस. एम. एडवर्ड्स, या शहराचा पोलीस कमिशनर! दिवसा पकडायचे, रात्री लिहायचं, आणि चित्रं धुरंधरांनी काढायची. दुसरा गठ्ठा बघा: यात रंग आहेत. नागोबा, सुना, जावा, राजा-राणी. चातुर्मासात आजी हातावर तांदूळ देऊन ज्या कहाण्या सांगते, त्या. किंकेड नावाच्या आय.सी.एस. साहेबाने त्या इंग्रजीत केल्या आणि याच साली 'डेक्कन नर्सरी टेल्स' म्हणून त्या विलायतेत निघतायत, मास्तरांच्या चित्रांसकट. तिसऱ्या कामाला वेळ आहे. सहा वर्षांनी रॉथफील्डचं 'विमेन ऑफ इंडिया' येईल, नाना जातींच्या, नाना प्रांतांच्या बायकांची चित्रं मास्तरांची. कुलाब्याच्या कलेक्टरचा हात असा एकीकडे सासवन्याच्या पोरापर्यंत पोचलाय आणि दुसरीकडे या टेबलापर्यंत.

हात पुसलेत ना सुकटीचे? मग एक उडी विलायतेला मारू. घाबरू नका, लगेच परत.

थंडी. धरमतरची नव्हे, हाडातली. दुपारचे तीन आणि दिवे लागलेत. लंडनमधल्या एका घरात कोळशाची शेगडी धगधगतेय, ओल्या लोकरीचा वास येतोय. गालिच्यावर पालथी पडून एक सोनेरी केसांची पोरगी छापून आलेलं ते कहाण्यांचं पुस्तक बघतेय. नऊवारीतली बाई, हातात पूजेचं ताट. पोरगी बोट लावून बघते, नऊवारीचा काठ बोटाने गिरवते. हे कपडे तिने पाहिलेले नाहीत, सोमवारचा उपास कशाला करायचा हे तिला कळणार नाही. पण सासूच्या भीतीने बाई ताटाकडे कशी बघतेय ते तिला बरोबर समजलंय. तिची आया बोलावते, ती जात नाही. तिला समजावायला कोणी दुभाषा लागला नाही. तिथे मुंबईत बसून कुठल्या डोळ्यांसाठी किती उलगडून दाखवायचं, हे मास्तरांना नेमकं ठाऊक होतं. चला, परत. कान गोठलेत.

परतल्यावर एक गोष्ट तुम्हाला खुपायला लागते, आणि खुपायलाच हवी. कहाण्या सोडल्या तर साहेबांच्या त्या पुस्तकांतल्या माणसांच्या चित्रांखाली काय लिहिलेलं असतं? जात, नाहीतर धंदा. कोळी, भंडारी, घाटी. मास्तरांनी तर अशीच नाना जातीधंद्यांची माणसं रंगीत पोस्टकार्डांवरही काढलीत, साहेबलोक ती विकत घेऊन घरी धाडतात. उद्या तुमचा चेहरा छापला तर खाली 'आगरी' येईल. डोलवी येणार नाही. तुमचं नाव तर नाहीच. चित्राच्या कोपऱ्यात सही असेल, ती मास्तरांची. मला इथे मास्तरांची बाजू घेता येत नाही, आणि सोडताही येत नाही. पुस्तकं साहेबांची, मथळे साहेबांचे, आणि माणसांना जातीच्या डब्यांत भरून ठेवायची हौस त्या काळात सगळ्यांनाच होती, आपल्यातही कमी नव्हती. तरीपण त्या डब्यांत मास्तरांनी जे भरलं ते नमुने नाहीत. नाकं आहेत, खोका आहेत, कंटाळलेले डोळे आहेत. ज्याची खोक काढली त्याचं नाव विचारायला किती वेळ लागला असता? हा प्रश्न राहतोच.

घंटा झाली. परत चौथऱ्यावर. खडूच्या रेघेत पाय. दुपारची दुसरी बैठक पहिलीहून वाईट, कारण आता पोट भरलंय. झापड येते. मान एकदा पुढे कलंडते आणि वीस कोळसे एकदम थांबतात. गोव्याचा पोरगा खाकरतो. तुम्ही सावरता. भिंतीवरच्या खुणा दोन दिसतात, मग तीन. कोळशाची पूड उडून नाकात गेलीय, शिंक येतेय. दाबा. दाबा म्हणतो ना! आली. संपलं. सगळ्यांना तुमचे खांदे नव्याने काढावे लागणार.

पाचाला शिपाई तुमच्या हातावर पावली ठेवतो. तुम्ही पोरांचे कागद बघत वर्गातून फिरता. वीस कागदांवर वीस तुम्ही. एक झोपलेला, एक चिडलेला, एक साक्षात चोर. शेंडीवाल्याच्या कागदावरचा मात्र हुबेहूब आहे, आणि तो पोरगा त्याच्याकडे असा बघतोय की आपण काढलेलं हे की मास्तरांनी, याचा निकाल त्याचा त्यालाच लागत नाहीय.

"हा कागद मला मिळेल?" तुम्ही शिपायाला विचारता.

"कागद? अरे, अजून अर्धाच झालाय. हात राहिलेत तुझे. उद्या दहाला ये."

"उद्या? माझी आगबोट आहे संध्याकाळची."

"मग पावली परत दे."

पावली परत द्यायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे रात्र मुंबईत काढायची. धक्क्यावर गोणींच्या आडोशाला आपल्याकडचे लोक झोपतात, तिथे जागा बघा. आजी तिथेच भेटेल, सुकट खपलेली नसेल तर तिची चिडचिडही ऐकावी लागेल. भूक लागली तर भजी घ्या, पण दोन आण्यांच्या वर जाऊ नका. आणि एक सांगतो, नीट ऐका. मुंडासं काढून झोपू नका. तो म्हातारा उद्या भेटेलच असं नाही, तुम्हाला बांधता येत नाही, आणि टोक दुसऱ्या कानामागे गेलं तर मास्तरांच्या नजरेतून ते सुटणार नाही.